किरण तपासणीची चौकट धूळ मोजते, माणूस नव्हे



काही दिवसांपूर्वी आमच्याच वस्तीत एक प्रकार पाहिला. एक ताई कर्करोगाचे उपचार संपवून घरी आल्या. त्यांना काही आठवडे 'शेक' दिला होता, म्हणजे बाहेरून यंत्राने किरण दिले होते. घरी आल्यावर त्यांचे ताट-वाटी वेगळे ठेवले गेले. शेजारणींनी मुलांना बजावले, त्यांच्या मांडीवर बसू नका, किरणे लागतील. कोणाच्या मनात वाईट नव्हते, भीती होती. पण वेगळे ताट म्हणजे काय असते, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. बाहेरून यंत्राने शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. दिवा मालवला की खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसेच हे आहे. एक्स-रे आणि सीटी स्कॅनचेही तेच. अशा माणसाला जवळ घ्या, एका ताटात जेवा, काही होत नाही.

मग किरणांची बाधा खरोखर होते तरी केव्हा? ती कोणाच्या अंगावर आहे आणि कोणाच्या नाही, हे कसे ओळखायचे? त्यासाठी मोजणारे यंत्र आहे. मोठ्या रेल्वे स्थानकावर मेटल डिटेक्टरची चौकट असते, तशीच दिसणारी पण वेगळे काम करणारी एक चौकट. तिला पोर्टल मॉनिटर म्हणतात. पेट्यांत घालून ती गाडीने कुठेही नेता येते आणि शाळेच्या मैदानावर किंवा समाजमंदिराच्या दारात थोड्या वेळात उभी करता येते. या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही तिच्याविषयी सांगणार आहोत.

मारा वेगळा, धूळ वेगळी

किरणोत्सारी पदार्थ म्हणजे ज्याच्या अणूंमधून आपोआप किरण बाहेर पडत राहतात असा पदार्थ. त्याचा त्रास माणसाला दोन तऱ्हांनी होतो.

पहिली तऱ्हा किरणांच्या माऱ्याची. पदार्थ समोर आहे, त्यातून किरण येतात आणि अंगातून जातात. माणूस तिथून दूर गेला की मारा थांबतो. शरीराला इजा झाली असेल, पण तो माणूस दुसऱ्या कोणाला किरण देत नाही. उन्हाने भाजलेला माणूस शेजारच्याला भाजत नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी तऱ्हा धुळीची. किरणोत्सारी पदार्थाची भुकटी किंवा द्राव कपड्यांना, केसांना, हातांना, चपलेला लागतो. माणूस जिथे जाईल तिथे ती धूळ त्याच्याबरोबर जाते आणि किरण देत राहते. हात तोंडाला गेला तर ती पोटातही जाते. दुसऱ्याला लागू शकते ती हीच धूळ. मात्र ती मोजता येते आणि अंगावरची बहुतेक धूळ धुता येते.

तपासणीची चौकट शोधते ती ही धूळ.

गोयानिया शहरातले भंगार

असे यंत्र का लागते, हे ब्राझील देशातील गोयानिया शहरात १९८७ साली घडलेल्या घटनेवरून समजते. ही घटना एका भंगाराच्या दुकानात सुरू झाली. आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल भंगारावर आणि कचरा वेचण्यावर चालते, म्हणून ती आपण नीट ऐकली पाहिजे.

गोयानियात कर्करोगावर किरणोपचार करणारी एक खाजगी संस्था जागा सोडून गेली. तिचे एक जुने यंत्र ओस पडलेल्या इमारतीतच राहिले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोन माणसांनी त्याचा जड भाग काढून नेला, फोडला आणि भंगारवाल्याला विकला. आत धातूच्या डबीत सीझियम-१३७ या पदार्थाची भुकटी होती. तिचे वजन शंभर ग्रॅमही भरत नव्हते. अंधारात ती निळसर चमकायची. भंगारवाल्याला ती मौल्यवान वाटली. त्याने पाहुण्यांना दाखवली, नातेवाइकांना चिमूट-चिमूट वाटली. कोणी ती अंगाला चोळली. एक सहा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून तिच्याशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली.

थोड्याच दिवसांत घरातली माणसे आजारी पडू लागली. उलट्या, जुलाब, कातडीवर भाजल्यासारख्या जखमा. त्या भंगारवाल्याच्या पत्नीच्या लक्षात आले की ही चमकणारी वस्तू घरात आल्यापासून सगळे सुरू झाले आहे. तिने एका कामगाराला बरोबर घेतले, वस्तूचे उरलेले भाग पिशवीत घातले आणि बसने शहराच्या आरोग्य कार्यालयात नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला, एक भौतिकशास्त्रज्ञ किरण मोजण्याचे यंत्र घेऊन तिकडे निघाला. कार्यालय बरेच लांब असतानाच यंत्राचा काटा टोकाला जाऊन चिकटला. त्याला वाटले यंत्र बिघडले. त्याने दुसरे यंत्र आणले. त्याचा काटाही टोकाला गेला, तेव्हा खरे काय ते कळले.

या घटनेत चार माणसे मरण पावली. त्यांत ती सहा वर्षांची मुलगी होती आणि ती पिशवी घेऊन जाणारी बाईही होती. मोठमोठ्या पदव्या असलेल्या लोकांनी यंत्र बेवारस सोडले होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणि स्वतःच्या बुद्धीने विचार करून धोका ओळखला तो या बाईने. तिच्यामुळे शहर आणखी मोठ्या नुकसानीतून वाचले.

लाखभर माणसे तपासायची कशी?

बातमी फुटल्यावर शहर घाबरले. माझ्या अंगावर ती भुकटी आहे का, हा एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. शहरातील ऑलिम्पिक स्टेडियमवर लोकांना बोलावून तपासणी सुरू झाली. डिसेंबरपर्यंत सुमारे १,१२,००० माणसे तपासली गेली. त्यांतल्या २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडले. म्हणजे साधारण साडेचारशे माणसांत एक. बाकी सगळे स्वच्छ होते, पण तपासल्याशिवाय ते कोणालाच ठाऊक नव्हते.

हातात धरायच्या यंत्राने एक माणूस नीट तपासायचा तर यंत्र अंगापासून एक-दोन सेंटिमीटरवर धरून डोक्यापासून तळपायापर्यंत सावकाश फिरवावे लागते. पुढून, मागून, दोन्ही हात, केस, चपलांचे तळ. यात काही मिनिटे जातात. एका माणसाला पाच मिनिटे धरली तर एका यंत्रावर तासाला बारा माणसे होतात. समोर पाच हजारांची रांग असेल तर हिशोब तुम्हीच करा. घाई करून यंत्र भरभर फिरवले तर धूळ नजरेतून सुटते.

चालत जायची चौकट हा प्रश्न सोडवते. माणूस तिच्यातून चालत जातो, किंवा तिच्यात काही सेकंद उभा राहतो, आणि निकाल मिळतो. एका तासात शेकडो माणसे पुढे जातात. घंटा वाजली नाही ते मोकळे. वाजली तेवढ्यांनाच बाजूला घेऊन हातातल्या यंत्राने सावकाश तपासायचे. थोडक्यात, चौकट चाळणीचे काम करते. अमेरिकेत अणुवीज केंद्रांच्या परिसरातून बाहेर काढलेल्या लोकांची तपासणी साधारण बारा तासांत व्हावी असे नियोजन असते, आणि तिथे अशा चौकटी वापरतात.

चौकटीच्या आत काय असते?

चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या खांबांत एका खास प्लास्टिकच्या लांब पट्ट्या बसवलेल्या असतात. काही चौकटींत वर आणि पायाखालीही अशी पट्टी असते. या प्लास्टिकवर गॅमा किरण आदळला की त्यात अगदी मंद, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा ठिपका चमकतो. पट्टीला जोडलेली नळी तो ठिपका टिपते आणि त्याचा विजेचा ठोका बनवते. यंत्र हे ठोके मोजत राहते. एवढेच तिचे काम.

चौकट स्वतः कुठलेही किरण सोडत नाही. एक्स-रे यंत्र किरण सोडते, चौकट फक्त येणारे किरण मोजते. वजनकाटा माणसाला वजन देत नाही, तशी ही चौकट माणसाला किरण देत नाही. म्हणून गरोदर बाई, तान्हे बाळ, म्हातारी माणसे, हृदयात पेसमेकर बसवलेले रुग्ण, सगळ्यांनी तिच्यातून निर्धास्त जावे. ती धातूही शोधत नाही, त्यामुळे चाव्या, नाणी, पट्टा, दागिने यांना ती हरकत घेत नाही.

घंटा केव्हा वाजते?

किरण जगात सगळीकडे थोडे थोडे असतात. जमिनीतून येतात, दगडा-विटांतून येतात, आकाशातून येतात. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममधूनही थोडे निघतात. चौकट रिकामी असतानाही तिचे ठोके चालूच असतात. यंत्र आधी या नेहमीच्या ठोक्यांची सरासरी काढून ठेवते. माणूस आत आला की खांबावरची खूण ते ओळखते आणि त्या वेळचे ठोके वेगळे मोजते. मग तुलना करते.

पण तुलना सोपी नाही. पावसाची रिपरिप चालू असताना घराच्या पत्र्यावर दहा सेकंदांत किती थेंब पडतात ते मोजून पाहा. पाऊस तोच असला तरी आकडा दर वेळी वेगळा येतो. किरणांचेही तसेच आहे. समजा, ठरावीक वेळात नेहमीचे सरासरी ४०० ठोके पडतात. तरी कधी ३८५ येतील, कधी ४१८. हा नेहमीचा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. ४०० चे वर्गमूळ २०. म्हणून ४१८ आल्यावर घंटा वाजवली तर स्वच्छ माणसेही अडकतील. चढउताराच्या पाचपट, म्हणजे १०० ठोके वर गेल्यावर घंटा वाजवायची असे ठरवले, तर ५०० च्या पुढे घंटा वाजेल. तेवढा आकडा आपोआप येणे फार दुर्मीळ, म्हणजे काहीतरी खरेच आहे. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. यंत्रागणिक ते बदलतात.

रेषा खाली ठेवली तर उगाच घंटा वाजते, वर ठेवली तर थोडी धूळ सुटून जाते. या दोन्हींचा मेळ घालून रेषा ठरवतात. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याने १९९५ साली घातलेली अट अशी की अंगावर एक मायक्रोक्युरी सीझियम-१३७ असेल तर नेता येण्याजोग्या चौकटीने ते पकडलेच पाहिजे. गोयानियाच्या त्या डबीत १,३७५ क्युरी सीझियम होते. एक मायक्रोक्युरी म्हणजे त्याचा एकशे सदतीस कोटीवा भाग. इतकी बारीक धूळ चौकट ओळखते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. चौकट धुळीच्या जागेपासून दूर, स्वच्छ ठिकाणी उभी करावी लागते. अंगावर धूळ असलेली माणसे तिच्या अगदी जवळ गर्दी करून उभी राहिली तर नेहमीचे ठोकेच वाढतात आणि मोजणी बिघडते. म्हणून तपासणी करणारे लोक रांगेला लांब उभे करतात. 'आम्हालाच का दूर ठेवता' असे तेव्हा वाटू शकते, आणि आपल्या लोकांना तसे वाटण्याला इतिहास आहे. पण रांगेतले ते अंतर सर्वांसाठी सारखे असेल तर ते यंत्रासाठी आहे असे समजावे. सारखे नसेल, काहींनाच दूर आणि काहींना जवळ असेल, तर जरूर प्रश्न विचारावा.

चौकटीतून जाताना

सांगितले असेल तसे सावकाश चालावे किंवा मध्ये स्थिर उभे राहावे. धावत गेल्यास मोजायला वेळ पुरत नाही. एका वेळी एकानेच जावे. तान्हे बाळ कडेवर असेल तर आईने बाळासह जावे. घंटा वाजली तर दोघांना वेगवेगळे तपासतात, कारण धूळ आईच्या पदराला आहे की बाळाच्या अंगाला, हे कळले पाहिजे. रांगेत असेपर्यंत काही खाऊ-पिऊ नये, तंबाखू मळू नये, विडी ओढू नये, हात तोंडाला लावू नये. धूळ अंगावर असेल तर ती पोटात जायची वाट हीच आहे.

घरातल्या कोणाची अलीकडे न्यूक्लिअर मेडिसिनची तपासणी झाली असेल, म्हणजे शिरेतून किंवा तोंडाने किरणोत्सारी औषध देऊन हाडांचे, हृदयाचे किंवा पेट स्कॅन केले असेल, तर ते आधी सांगावे. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडिन दिले असेल तर आवर्जून सांगावे. अशा माणसांच्या अंगातून काही काळ खरेच किरण निघतात आणि घंटा वाजते. पेट स्कॅनचे औषध एखाद्या दिवसात संपते, हाडांच्या स्कॅनचे दोन-तीन दिवसांत, हृदयासाठी दिलेले थॅलियम काही आठवडे राहू शकते आणि आयोडिन कधी कधी दोन-तीन महिनेही जाणवते. रुग्णालयाचा कागद जवळ ठेवावा. आयोडिन घेतलेल्यांना डॉक्टर काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायला सांगतात, तेवढे दिवस ते पाळावे. मुदत संपली की अंतरही संपले.

घंटा वाजली तर?

घंटा वाजली म्हणजे मरण आले असे नाही, आणि कोणी गुन्हाही केलेला नाही. पुढची पायरी अगदी साधी आहे.

आधी वरचे कपडे आणि चपला काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात. अंगावरची नव्वद टक्क्यांपर्यंत धूळ एवढ्यानेच जाऊ शकते. कपडे झटकू नयेत, झटकल्याने धूळ उडते. डोक्यावरून ओढून काढण्याऐवजी कापून किंवा गुंडाळत खाली काढलेले बरे. मग कोमट पाणी आणि साबण. केस साध्या शाम्पूने धुवावेत. कंडिशनर किंवा तेल लावू नये, त्याने धूळ केसांना चिकटते. अंग दगडाने किंवा घासणीने घासू नये, कातडी सोलली तर धूळ आत जाते. जखम असेल तर ती झाकून बाकी अंग धुवावे. मग पुन्हा चौकटीतून जावे. बहुतेक वेळा या खेपेस घंटा वाजत नाही.

दोन-तीनदा धुऊनही घंटा वाजतच राहिली, तर पदार्थ पोटात किंवा फुप्फुसात गेला असण्याची शक्यता असते. तेव्हा संपूर्ण शरीराची मोजणी करणारे मोठे यंत्र वापरतात, लघवी तपासतात. सीझियमसाठी प्रशियन ब्लू नावाचे औषध आहे. ते आतड्यात सीझियमला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. गोयानियातल्या रुग्णांनाही ते दिले होते. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडिनपासून थायरॉइडला वाचवतात, इतर पदार्थांवर त्यांचा उपयोग नाही. कोणतेही औषध आपल्या मनाने घेऊ नये.

तपासणी करणाऱ्याने बायकांसाठी आडोशाची जागा आणि महिला कर्मचारी ठेवले पाहिजेत, बदलायला कपडे दिले पाहिजेत. ते मागणे हा आपला हक्क आहे.

चौकट काय सांगत नाही

चौकट फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. तुम्हाला किती मारा बसला, पुढे आजार होईल का, हे ती सांगत नाही. ती मुख्यतः गॅमा किरण ओळखते. काही पदार्थ फक्त अल्फा किरण देतात. ते कागदाच्या जाडीनेही अडतात, चौकटीच्या खांबापर्यंत पोहोचतच नाहीत. तशी शंका असेल तर वेगळ्या यंत्राने अगदी जवळून तपासावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फक्त मारा बसलेल्या माणसाला चौकट पकडत नाही, कारण त्याच्या अंगावर धूळ नसते. याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले यंत्र फोडले गेले. दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षे वापराविना पडलेले ते यंत्र लिलावात भंगारात विकले गेले होते. भंगाराचे काम करणारी माणसे गंभीर आजारी पडली, कातडी काळी पडली, केस गळले. एक कामगार मरण पावला. कोबाल्ट धातूच्या रूपात होते, गोयानियाच्या भुकटीसारखे ते घरोघर पसरले नाही. पण त्याच्या माऱ्याने माणूस गेला. म्हणून कोणी अनोळखी जड धातू हाताळल्यानंतर उलट्या, भाजल्यासारखी जखम, केस गळणे असे काही झाले, तर चौकटीने मोकळे सोडले तरीही डॉक्टरांना ती वस्तू हाताळल्याचे स्पष्ट सांगावे. डॉक्टर आपणहून भंगाराबद्दल विचारतीलच असे नाही.

भंगाराचे काम करणाऱ्या बंधू-भगिनींनी दोन खुणा ओळखून ठेवाव्यात. पिवळ्या पाटीवर पंख्याच्या तीन पात्यांसारखे चिन्ह ही एक. लाल त्रिकोणात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस ही दुसरी. आकाराच्या मानाने फार जड वाटणारी पेटी, शिशाचे जाड कवच, रुग्णालयाचे किंवा प्रयोगशाळेचे जुने यंत्र हाती आले तर ते फोडू नये, घरी आणू नये. दूर व्हावे, इतरांना दूर ठेवावे आणि ११२ वर कळवावे. शिशाचा भाव चांगला मिळतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते शिसे आत काय आहे ते अडवण्यासाठीच घातलेले असते.

विटाळ आणि मोजमाप

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. रुग्णालयांत आणि कारखान्यांत किरणोत्सारी पदार्थ रोज वापरले जातात. अशा चौकटीतून जायची वेळ आपल्यावर कधी येऊ नये, पण आली तर यंत्राइतकीच माणसांची वागणूक महत्त्वाची ठरते.

गोयानियात काय झाले पाहा. त्या सहा वर्षांच्या मुलीला शिशाचे अस्तर असलेल्या शवपेटीत पुरायला नेले, तेव्हा जमावाने दफनाला विरोध केला आणि दगड मारले. गोयानियाहून आलेल्या माणसांना इतर शहरांतल्या हॉटेलांनी खोल्या नाकारल्या. 'माझ्या अंगावर काही नाही' असा दाखला मिळवण्यासाठी हजारो निरोगी माणसे धडपडली. यंत्राने साडेचारशेत एक माणूस बाधित दाखवला होता. लोकांनी सगळे शहरच विटाळलेले ठरवले.

विटाळ काय असतो ते आपण जाणतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांसोबत आपल्या पूर्वजांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. त्या विटाळाचे मोजमाप कोणत्या यंत्राने झाले होते? मोजायला काही नव्हतेच. म्हणून तो धुतल्याने जात नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या चिकटून होता.

किरणांच्या धुळीचे नेमके उलटे आहे. ती मोजता येते, साबण-पाण्याने निघते, आणि निघाली की माणूस पूर्वीसारखाच स्वच्छ. ती जात पाहत नाही, वस्ती पाहत नाही. चौकट घंटा वाजवते ती धुळीसाठी, माणसासाठी नव्हे. हे ज्याला समजले तो खऱ्या धोक्याला हलके लेखणार नाही आणि खोट्या धोक्यासाठी कोणाचे ताट वेगळे करणार नाही.

बाबासाहेबांनी १९५६ साली बीबीसीवरच्या भाषणात बुद्ध धम्म का आवडतो ते सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे मांडली. आरोग्याच्या कामातही तीच उपयोगी पडतात. मोजून पाहणे ही प्रज्ञा. घंटा वाजलेल्या माणसाला धीर देऊन, धुऊन, कपडे देऊन परत रांगेत आणणे ही करुणा. आणि रांगेत सर्वांना एकच नियम, ही समता.

त्या ताईंच्या घरी आम्ही महिला मंडळाच्या चार जणी गेलो होतो. त्यांच्याच ताटात वाढून घेतले आणि जेवलो. आता शेजारची मुले पुन्हा त्यांच्या मांडीवर बसतात.

लक्षात ठेवा

• चौकट किरण सोडत नाही, फक्त मोजते. गरोदर बायका आणि बाळांनाही ती सुरक्षित आहे.

• एक्स-रे, सीटी स्कॅन आणि बाहेरून दिलेला शेक यांनी अंगात किरण राहत नाहीत.

• किरणोत्सारी औषध घेतले असेल तर तपासणीआधी सांगा, कागद जवळ ठेवा.

• घंटा वाजली तर कपडे पिशवीत, साबण-पाण्याने अंघोळ आणि पुन्हा तपासणी.

• रांगेत खाणे, पिणे, तंबाखू, विडी नको.

• अनोळखी जड यंत्र फोडू नका. दूर व्हा, ११२ वर कळवा.

• भंगार हाताळल्यानंतर आजार झाला तर डॉक्टरांना तसे सांगा.

• बाधा धुळीची असते. माणसाला वेगळे पाडू नका.